धानाच्या मुलखात छोटी गाडी

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया जंक्शन जवळपास मध्यावर येतं. मुंबई साडेनऊशे किलोमीटरच्या थोडी पुढे, हावडा हजाराच्या आसपास. या मार्गाच्या दोन टोकांना जवळजवळ अर्धशतक दोन मोटारींचं राज्य होतं. मुंबईच्या टोकाला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि कलकत्त्याच्या टोकाला उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर. दोन्ही शहरांच्या टॅक्सीसुद्धा त्याच. मुंबईकराला अ‍ॅम्बेसेडर म्हणजे सरकारी रणगाडा वाटायचा, तर बंगाली बाबूला फियाट चणीने बारीक वाटायची. मधल्या गोंदियाला दोन्हींचं सारखंच अप्रूप होतं, कारण दोन्ही गाड्या त्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

तेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. पण गावाचा तोरा आधीपासून जिल्ह्याच्या गावाला लाजवेल असा. भातगिरण्या, बिडीचा धंदा, रेल्वेचं मोठं जंक्शन आणि मराठीइतकीच सहज कानावर पडणारी हिंदी. पैसा होता, पण तो मोजक्या घरांत. गिरणीमालक, बिडी कारखानदार, एखादा नावाजलेला डॉक्टर, जुन्या मालगुजाराचं घराणं. फियाट दिसली की ती कुणाची हे विचारावं लागत नसे. मुंबईत जी गाडी हात दाखवून थांबवायची, ती इथे पाहिली की रस्त्याच्या कडेला सरून उभं राहायचं.

फियाट छोटी की मोठी, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातही आला नसेल. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या गाडीची व्याख्या ठरवली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० पर्यंत. अशा गाडीला उत्पादन शुल्क २४ ऐवजी १६ टक्के. ही पट्टी मागे नेऊन लावली तर १०८९ सीसीची, चार मीटरच्या आत मावणारी ती फियाट चक्क छोटी गाडी ठरते. गिरणीमालकाला हे सांगायची कुणाची छाती झाली नसती.

मारुती ८०० ची गोष्ट दिल्लीत सुरू होते असं आपण धरून चालतो. संजय गांधींचा फसलेला प्रयोग, मग २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुझुकीशी झालेला करार आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला दिलेली किल्ली. मला मात्र तिचा उगम जपानमधल्या एका जाहिरातीत दिसतो. मे १९७९ मध्ये सुझुकीने तिकडे ‘अल्टो’ आणली आणि संपूर्ण देशात एकच किंमत लावली, ४ लाख ७० हजार येन. बाकीच्या छोट्या गाड्या यापेक्षा बऱ्याच महाग होत्या. कंपनीने तिची नोंद मालवाहू गटात करून कर वाचवला आणि ती विकली मुख्यतः घरातल्या दुसऱ्या गाडीच्या रूपाने. नवरा मोठी गाडी घेऊन कामावर गेला की बायकोला बाजारहाट करायला, मुलांना सोडायला ही. जपानच्या खेड्यापाड्यांत आजही अशा छोट्या गाड्यांचं प्रमाण शहरांपेक्षा जास्त आहे. बस फारशी नाही, रस्ते अरुंद, आणि घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाला वाहन हवं. पिवळी नंबरप्लेट लावलेल्या त्या गाडीला तिथे ना कुणी हसतं, ना कुणी ओवाळतं.

त्याच पिढीची अल्टो ७९६ सीसीचं इंजिन घेऊन गुडगावात आली आणि तिचं नशीबच पालटलं. जपानी गृहिणीची दुसरी गाडी इथे अख्ख्या खानदानाची पहिली गाडी झाली. किंमत सुमारे साडेसत्तेचाळीस हजार. दहा हजार रुपये भरून सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं आणि मग सोडत, प्रतीक्षा, ओळखीपाळखी. अशा गाडीला जाहिरात कशाला लागते? रांग हीच तिची जाहिरात होती.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या या धानाच्या मुलखात, ही गाडी यायला वेळ लागला, आणि आली ती बऱ्याचदा दुसऱ्या हातातून. नागपूरच्या एखाद्या अधिकाऱ्याने चार-पाच वर्षं वापरलेली मारुती रेल्वेने १३० किलोमीटर पूर्वेला असलेल्या गोंदियात आली की ती जुनी राहत नसे, इथे ती नवीच. दारात लिंबू चिरडलं जाई, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघे आणि पहिल्या आठवड्यात डोंगरगडच्या बमलेश्वरीला फेरी ठरलेली. मागच्या सीटवर चार मोठी माणसं आणि त्यांच्या मांड्यांवर पोरं. जपानी अभियंत्यांनी चौघांसाठी आखलेल्या त्या गाडीत किती माणसं मावतात, याची चाचणी हमामात्सूत कधी झाली नसेल, ती आपल्याकडे दर लग्नसराईत होत असे.

तिची मोठी भावंडंही आली. १९८४ ची मारुती व्हॅन, जिला नंतर ओम्नी म्हणू लागले, ती खेड्यांत रुग्णवाहिका झाली, शाळेची गाडी झाली, वरातीत करवल्यांची गाडी झाली. टाटांची इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याहून निघाली, डिझेलवर चालणारी आणि ऐसपैस. पण ती इतकी परवडली की भाड्याने गाड्या चालवणाऱ्यांनीच तिला उचललं आणि मग घरच्या वापरासाठी घेणारा मनुष्य बिचकू लागला. दारात इंडिका उभी केली तर शेजारी विचारायचा, ‘नागपूरचं किती घेता?’

या सगळ्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा तुकडा प्रवासी गाडीचा नाहीच. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ नावाचं पाऊण टनाचं मालवाहू वाहन काढलं. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, छोटीशी केबिन, चार चाकं. प्रकल्पाची धुरा गिरीश वाघ या अभियंत्याकडे होती. वाहन आखण्याआधी कंपनीची माणसं तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांना भेटत हिंडली. त्या भेटींतला एक किस्सा कंपनीचे वरिष्ठ पुढे अनेकदा सांगत. तीनचाकीवाल्याला विचारलं, तुला चारचाकी का हवी? तो म्हणाला, चारचाकी असली तर गावात लग्नाला मुलगी मिळणं सोपं जाईल. भार किती, मायलेज किती, हप्ता किती, हे सगळं नंतर. आधी सोयरिक.

लोकांनी त्या गाडीला ‘छोटा हाथी’ म्हटलं. गोंदियाच्या रस्त्यांवर तिच्यावर तांदळाचे कट्टे लादलेले दिसतात, भाजीपाला दिसतो, मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, मोसमात दंडार या लोकनाट्याचा संच किंवा नाटकाचं सामान दिसतं. आकाराने एवढुसं वाहन, पण नाव हत्तीचं. कमवून आणणाऱ्या वाहनाला लोक उंचीने मोजत नाहीत.

तीच कंपनी, तेच गिरीश वाघ, आणि तीन वर्षांनी नॅनो.

नॅनोची जन्मकथा सर्वांना पाठ आहे. पावसात एका स्कूटरवर भिजत चाललेलं चौकोनी कुटुंब रतन टाटांनी पाहिलं आणि त्यांच्यासाठी सुरक्षित, चारचाकी, लाखाच्या घरातलं वाहन करायचं मनावर घेतलं. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती मंचावर आली. नुसत्या बातमीने त्या वर्षी जुन्या मारुती ८०० चे भाव घसरले. नॅनोचा कारखाना बांधला जात होता त्या बंगालमधल्या सिंगूरला जमिनीचं आंदोलन पेटलं, ऑक्टोबरमध्ये तो गुंडाळून गुजरातेत साणंदला न्यावा लागला, तरी २३ मार्च २००९ ला मुंबईत गाडी औपचारिकपणे बाजारात आली. एप्रिलात नोंदणी सुरू झाली. ३०० रुपयांचा फॉर्म, तो स्टेट बँकेच्या शाखांतही मिळे. मूळ मॉडेलसाठी ९५ हजार भरायचे. पंधरा-सोळा दिवसांत दोन लाखांहून जास्त अर्ज आले आणि पहिल्या लाखासाठी सोडत काढावी लागली. १९८३ ची आठवण यावी असाच सोहळा.

मग नोव्हेंबर २०१० आला. त्या महिन्यात अख्ख्या देशात नॅनो विकल्या गेल्या ५०९.

दरम्यान काही गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या होत्या, कर्ज मिळायला अडचण होती, साणंदचा कारखाना नुकताच चालू होत होता. ही कारणं खरीच. कंपनीने चार वर्षांची वॉरंटी दिली, कर्जाची सोय केली, लहान गावांत छोट्या शोरूम काढल्या. विक्री सावरलीही. २०११-१२ या वर्षात सुमारे ७५ हजार गाड्या गेल्या, आणि तोच तिचा उच्चांक ठरला. कारखान्याची क्षमता होती वर्षाला अडीच लाखांची.

पण गोंदियासारख्या गावात हे गणित वेगळ्या ठिकाणी चुकलं होतं. नॅनोच्या मूळ मॉडेलमध्ये पेट्रोल भरायचं तर पुढचं बोनेट उघडावं लागे. इंजिन मागे. मागचा दरवाजा दिसायला दरवाजा, पण उघडत नसे. सामान ठेवायचं तर मागची सीट पुढे पाडून आतूनच सरकवायचं. आता आपलं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. सडक अर्जुनी किंवा आमगावकडचा एखादा शेतकरी किंवा शिक्षक. धान घरी आलं की तांदळाचा कट्टा नागपुरात शिकणाऱ्या मुलाकडे जाणार, लेकीच्या सासरी जाणार, परतताना किराणा, खताची गोणी, एखादा गॅस सिलिंडर. त्याच्यासाठी गाडीची डिग्गी हा सोयीचा भाग नव्हे, गाडी घेण्याचं अर्धं कारणच ते. त्याला तुम्ही न उघडणारी डिग्गी देणार?

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीच्या पिएर-ज्यूल बूलांजे यांनी १९३० च्या दशकात शेतकऱ्यासाठी गाडी करायला घेतली, तेव्हा अभियंत्यांना दिलेली अट प्रसिद्ध आहे. लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे ताशी ६० किलोमीटर वेगाने नेता आले पाहिजेत, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एक अंडं फुटता कामा नये. युद्धामुळे ती गाडी, २सीव्ही, १९४८ मध्ये लोकांसमोर आली. पॅरिसच्या पत्रकारांनी तिच्या ध्यानाची टर उडवली. खेड्यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. बूलांजेंनी शेतकऱ्याच्या पोत्यापासून सुरुवात केली होती. नॅनोची सुरुवात झाली किमतीपासून.

आणि किंमत हीच तिची ओळख होऊन बसली. ‘जगातली सर्वांत स्वस्त मोटार’ हे बिरुद वर्तमानपत्रांनी दिलं, कंपनीनेही ते मिरवलं. रतन टाटांनी २०१३ मध्ये एका मुलाखतीत खंत व्यक्त केली, की लोकांनीच नव्हे तर कंपनीनेही तिला स्वस्त गाडी म्हणून विकलं, ते दुर्दैवी होतं. मुंबई-पुण्यात या बिरुदाचा तेवढा जाच झाला नसता. तिथे घरात एक मोठी गाडी असते, ट्रॅफिकमध्ये हाताळायला आणि पार्किंगच्या कोपऱ्यात घुसवायला दुसरी छोटी. तिथे नॅनो चालवणारा हौशी ठरू शकतो. गोंदियात नॅनो ही घरातली पहिलीच गाडी ठरणार होती. उभ्या आयुष्यात माणूस एकदा चारचाकी घेणार, भावकीला पेढे वाटणार, मुलाच्या सोयरिकीच्या बोलणीत ‘घरी गाडी आहे’ म्हणणार, आणि समोरचा विचारणार, ‘कोणती? ती लाखवाली?’ तीनचाकीवाल्याने जे सांगितलं होतं ते कंपनीच्या दप्तरी होतं. नेमकं नॅनोच्या वेळी ते कुणी उघडून पाहिलं नाही.

समुद्र ओलांडून नॅनो श्रीलंकेत गेली तेव्हा निराळंच घडलं. कोलंबोत ती टॅक्सी म्हणून धावू लागली आणि चांगली चालली. तिथे तिची तुलना तीनचाकी रिक्षाशी होती, मोटारीशी नव्हती. रिक्षाच्या शेजारी उभी केली तर नॅनो खरोखर थाटाची गाडी आहे.

याच काळात मारुतीने खेडी जिंकली, आणि तिची तऱ्हा पाहण्यासारखी होती. २००७-०८ मध्ये कंपनीच्या विक्रीत ग्रामीण भागाचा वाटा तीन-चार टक्के. २००८ च्या मंदीने शहरं थंडावली तेव्हा विक्रेत्यांना गावांकडे पिटाळण्यात आलं. ‘मेरा सपना मेरी मारुती’ नावाची योजना निघाली, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक अशांना सवलत देणारी. गावातल्याच, ओळखीच्या, तिथली बोली बोलणाऱ्या पोरांना विक्रीचं काम दिलं. गुळगुळीत टाय लावलेला नागपुरी एक्झिक्युटिव्ह सालेकसा-देवरीच्या ओसरीवर अवघडून बसतो. गावचा पोरगा मात्र ‘काका, यंदा धान कसा झाला जी?’ इथून सुरुवात करतो आणि हलक्या धानाचा पैसा कधी हातात येतो, भारी धान कधी निघतं, आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावरचा चुकारा किती दिवस अडकलाय, हे सगळं त्याला ठाऊक असतं. हप्ता कधीपासून सुरू करायचा हे त्यावर ठरतं. २००९ मध्ये महाराष्ट्रात सहावा वेतन आयोग लागू झाला आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या हातात नियमित, मोठा पगार आला. धान पावसावर, पगार महिन्यावर. बँकेने कुणाला आधी कर्ज द्यावं हे उघड होतं. पुढच्या चार-पाच वर्षांत मारुतीच्या विक्रीतला ग्रामीण वाटा चौथाईच्या पुढे गेला.

या सगळ्यात कंपनी कुणाला ‘तुमच्यासाठी स्वस्तातली गाडी आणली’ म्हणाली नाही. ‘तुम्ही सरपंच आहात म्हणून तुम्हाला सवलत’ असं म्हणाली. एकाच पाच-दहा हजारांच्या फरकाने एक माणूस गरीब ठरतो, दुसरा मानकरी. टीव्हीवरची ‘कितना देती है?’ ही जाहिरातही अशीच चतुर. मायलेज विचारणं हा कंजूषपणा नसून हुशारी आहे असं ती सांगत होती, आणि हिंदी-मराठीची सरमिसळ बोलणाऱ्या आमच्या भागात ती ओळ म्हणीसारखी वापरली गेली.

एका गोष्टीचा उल्लेख टाळणं बरं नव्हे. गाड्यांच्या या मागणीत हुंड्याचा भाग होता आणि आहे. १९६१ चा कायदा असूनही ‘आंदण’ या गोंडस नावाखाली जावयाच्या दारात गाडी उभी राहते. तिथे नॅनो कुणी मागितली नाही. मुलीच्या बापाला मोठ्या कर्जात लोटणाऱ्या या रिवाजाने डिग्गीवाल्या गाड्यांचा खप वाढवला, असं म्हणायला मी कचरत नाही.

नॅनोला मागचा उघडणारा दरवाजा २०१५ मध्ये मिळाला. तोवर उशीर झाला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात रेनोची क्विड आली. इंजिन ८०० सीसीचं, किंमत अडीच लाखांच्या वरपासून, पण अंगलट धिप्पाड जीपसारखी आणि जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटर. बांधीच्या धुऱ्याला लागून जाणारा, पावसाळ्यात चिखलाने भरलेला पांदण रस्ता तुडवायचा असेल तर ही उंची कामाची. आणि कामाची नसली तरी दिसायला रुबाबदार. मारुतीने २०१९ मध्ये एस-प्रेसो काढली तीही याच चालीवर. छोटी गाडी विकायची असेल तर ती मोठ्या गाडीचं धाकटं भावंड वाटली पाहिजे, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. जून २०१८ मध्ये नॅनोची एकच गाडी बनली. मारुती ८०० त्याआधीच, जानेवारी २०१४ मध्ये, थांबली होती.

त्यानंतरची काही वर्षं छोट्या गाडीला वाईट गेली. प्रदूषणाचे नवे नियम, एअरबॅगची सक्ती, विम्याचा वाढता खर्च यांनी किंमत चढली आणि दुचाकीवरून चारचाकीवर येणारा माणूस पुन्हा पायरीवरच थांबला. दरम्यान शहरांत उलटी गंगा वाहिली. २०२३ मध्ये एमजीची कॉमेट नावाची विजेवरची गाडी आली, लांबी तीन मीटरपेक्षा कमी, म्हणजे नॅनोहूनही आखूड. किंमत मात्र जवळपास आठ लाखांपासून. महानगरातल्या गिऱ्हाइकाला ती नव्या जमान्याची चीज म्हणून विकली गेली आणि तिच्या आखूडपणाला कुणी हसलं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एस-प्रेसोची सुरुवातीची किंमत साडेतीन लाखांच्या आत आली. त्या एका दिवसात मारुतीने देशभरात पंचवीस-तीस हजार गाड्यांच्या किल्ल्या दिल्या. गाडी पूर्वीचीच होती, ती सरकारच्या कृपेने कमी पैशांत पडली एवढंच. गिऱ्हाईक आपण स्वस्तातली गाडी घेतली असं सांगणार नव्हतं, कर कमी झाला तेव्हा बरोबर वेळ साधून घेतली असं सांगणार होतं. असं काही सांगण्याची सोय नॅनोला आपल्या मालकासाठी कधी करता आली नाही.